आंब्याला मोहोर आला होता

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत विजयदुर्गावर मी एका वयोवृद्ध गृहस्थांचे बोलणे मध्येच तोडले. प्रसंग तसा लहानच होता. भाचीला किल्ला दाखवायला घेऊन गेले होते. पाऊस सरून काही दिवस झाले होते, तटावरचे गवत पिवळे पडू लागले होते आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला सुकत घातलेल्या मासळीचा वास होता. किल्ल्याच्या आत, गावात ज्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात त्या चौथऱ्यांपाशी, मुंबईहून आलेली दोन-तीन कुटुंबे उभी होती आणि गावातले एक आजोबा त्यांना माहिती सांगत होते. त्यांच्या हातात वेताची काठी होती. तिचे टोक ते कट्ट्याच्या कडेवर ठेवत आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हलकेच आपटत. “18 ऑगस्ट 1868 या दिवशी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच कट्ट्यावर दुर्बीण लावून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम वायूचा शोध लावला,” असे त्यांनी शाळेत पाठ केलेल्या कवितेसारखे एका दमात सांगितले. मग त्यांचा आवाज उतरला, काठी थांबली आणि ते आपल्या बोलीत म्हणाले, “माझो आजो तेव्हा ल्हान होतो. तो सांगायचो, आंब्याक मोहोर इललो. भर दुपारची रात झाली. कोंबडी खुराड्यात गेली.”

मुले कट्ट्याकडे डोळे विस्फारून पाहत होती. आणि मी, जिने सत्तावीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले आणि चूक दिसली की तांबडी रेघ ओढली, पुढे होऊन म्हणाले, “आजोबा, हे बरोबर नाही. त्या ग्रहणाच्या वेळी लॉकयर इंग्लंडमध्ये होता. ग्रहण पाहिले ते जान्सेन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने, आंध्रातल्या गुंटूरला. लॉकयर इथे कधी आलाच नव्हता.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. राग नव्हता त्या पाहण्यात. घरातली एखादी वस्तू आपली नाहीच असे कोणी सांगावे तसे काहीतरी होते. “मगे सायब हंय इलोच नाय म्हणतास?” त्यांनी विचारले. मी म्हणाले, “नाही.” त्यांनी कट्ट्याच्या दगडावर तळहात ठेवला आणि विचारले, “मगे हे कट्टे कोणी बांधल्यान?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या कशासाठी तरी बांधले असतील, असे काहीसे मी पुटपुटले. त्यांनी मान हलवली आणि मंडळींना घेऊन ते पुढच्या बुरुजाकडे निघाले. जाताना काठी आपटण्याचा आवाज येत नव्हता. धक्क्याकडे उतरताना भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आत्या, सगळ्यांसमोर सांगायला नको होतंस.” मी तिला सांगितले की खरे ते खरेच सांगायला हवे. ते वाक्य बोलताना मला त्याची पूर्ण खात्री होती.

माझ्या खात्रीला आधार होता, हेही सांगितले पाहिजे. 18 ऑगस्ट 1868 चे ग्रहण मी वर्गात अनेक वर्षे रंगवून शिकवलेले आहे. त्या शतकातल्या मोठ्या ग्रहणांपैकी ते एक. चंद्राची सावली अरबी समुद्रावरून कोकणात शिरली, सह्याद्री ओलांडून विजापूर, रायचूर, गुंटूर, मच्छलीपट्टणम् असा दख्खनचा पट्टा कापत बंगालच्या उपसागरात उतरली आणि पुढे सयामपर्यंत, म्हणजे आजच्या थायलंडपर्यंत, गेली. तिथे राजा मोंगकुट याने हे ग्रहण स्वतः गणित करून आधीच वर्तवले होते. ते पाहायला तो दलदलीच्या किनाऱ्यावर गेला, तिथे त्याला हिवताप जडला आणि 1 ऑक्टोबरला तो गेला. वर्गात ही गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरची मुलेही गप्प होत. गुंटूरला जान्सेन एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी मुक्कामाला होता. खग्रास अवस्थेत त्याने सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालांवर वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणारे यंत्र, रोखला आणि त्यात त्याला तेजस्वी रेषा दिसल्या. त्या इतक्या ठळक होत्या की चंद्र बाजूला झाल्यावरही त्या दिसतील, असे त्याच्या मनात आले. दुसऱ्या दिवशी ग्रहण नसताना त्याने पुन्हा यंत्र लावले आणि त्या दिसल्या.

हे कसे शक्य झाले ते मुलांना समजावताना मी परातीचा दाखला देत असे. मूठभर पिठात एक खडा दडला असेल तर तो दिसत नाही. तेच पीठ परातभर पसरले की त्याचा थर विरळ होतो, खडा मात्र खडाच राहतो आणि बोटाला लागतो. सूर्याच्या आसपासच्या आकाशाचा झगमगाट सगळ्या रंगांचा असतो. लोलकाने तो पसरला की फिका पडतो. ज्वालांतल्या तप्त वायूंचा प्रकाश मात्र मोजक्याच रंगांचा, म्हणून तो पसरत नाही, रेषेत एकवटून राहतो. हाच विचार लंडनमध्ये लॉकयरनेही स्वतंत्रपणे केला होता. तो तेव्हा बत्तीस वर्षांचा होता, युद्धखात्यात कारकुनी करी आणि उरलेल्या वेळात घरच्या दुर्बिणीतून सूर्य पाही. त्याने मागवलेला वर्णपटदर्शक कारागिराकडून यायला फार उशीर झाला. तो हाती पडल्यावर चारच दिवसांनी, 20 ऑक्टोबरला, त्यालाही ग्रहणाविना त्या रेषा दिसल्या. जान्सेनचे हिंदुस्थानातून निघालेले पत्र आणि लॉकयरचे लंडनहून निघालेले पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच वेळी आले. वाद न घालता फ्रेंचांनी 1872 साली दोघांची मुद्रा असलेले एकच पदक पाडले.

प्रत्येक द्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, त्यांवरून ते ओळखता येते. त्या रेषांत एक पिवळी होती. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांच्या अगदी शेजारी, पण त्यांवर नेमकी न बसणारी. ऑगस्टमध्ये ज्यांनी ती पाहिली त्यांतल्या बहुतेकांना ती सोडियमचीच वाटली. इथे मला नेहमी जमखंडी आठवते. पटवर्धनांच्या त्या संस्थानात ग्रहणाच्या दिवशी जॉन हर्शेल नावाचा एक तरुण लेफ्टनंट रॉयल सोसायटीची उपकरणे घेऊन बसला होता. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा तो नातू. ढगांच्या फटींतून त्याला तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन रेषा दिसल्या आणि नारिंगी रेषा त्याने सोडियमची म्हणून नोंदवली. हेलियम त्याच्या डोळ्यांसमोर होता. त्याला ओळखायला नाव नव्हते, एवढेच. लॉकयरने रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड याच्या मदतीने ती रेषा प्रयोगशाळेत निर्माण करण्याचा प्रयत्न केला, ती कुठल्याच ज्ञात द्रव्यातून निघेना, तेव्हा सूर्यावर काही नवे द्रव्य आहे असे त्याने म्हटले. ग्रीकांच्या सूर्यावरून दिलेले हेलियम हे नाव 1871 साली विल्यम थॉमसन याच्या भाषणातून जाहीर झाले. पृथ्वीवर तो वायू सापडायला 1895 साल उजाडले. विल्यम रॅम्झीने क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून निघालेला वायू तपासला आणि नळीत तीच पिवळी रेषा उमटली.

या साऱ्यात विजयदुर्ग कुठेच नव्हता. शिवाय माझा एक साधा युक्तिवाद होता आणि तो मला फार आवडत असे. 18 ऑगस्ट 1868 ही श्रावणातली अमावस्या, म्हणजे पोळ्याचा दिवस. श्रावणात कोकणच्या किनाऱ्यावर, ढग आणि पावसाच्या झडीत, शहाणा खगोलशास्त्रज्ञ दुर्बीण घेऊन बसेल का? म्हणून मी किल्ल्यावर इतक्या ठामपणे बोलले. जे मी सांगितले त्यातले जवळजवळ सगळे बरोबर होते. शेवटचे वाक्य तेवढे चूक होते.

ते मला सहा महिन्यांनी कळले. भाचीला शाळेत एका मूलद्रव्यावर प्रकल्प करायचा होता आणि तिने न विचारता हेलियम निवडला होता. तिला काही जुनी चित्रे हवी होती, म्हणून एका रात्री मी संगणकावर लॉकयरच्या ग्रहणमोहिमा चाळत बसले होते. 1871 च्या डिसेंबरमधल्या ग्रहणासाठी तो हिंदुस्थानात आला होता आणि केरळात बेकलच्या समुद्रकाठच्या किल्ल्यावर त्याने ग्रहण पाहिले, हे मला नवीन होते. त्यापुढे रॉयल सोसायटीने छापलेला एक अहवाल होता. 22 जानेवारी 1898 चे खग्रास सूर्यग्रहण, निरीक्षणाचे ठिकाण ‘विझियाड्रुग’. हे नाव मी दोनदा डोळ्यांखालून घातले आणि कुठले तरी दक्षिणेकडचे गाव असेल असे समजून पान उलटले. मग हात थांबला. मागे आले आणि ते अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचले. विजयदुर्ग. घरात सगळे झोपले होते, पंख्याचा आवाज येत होता आणि माझे कान गरम झाले होते.

लॉकयर विजयदुर्गला आला होता.

1868 साली नव्हे, त्यानंतर तीस वर्षांनी. तेव्हा तो युद्धखात्यातला कारकून राहिला नव्हता. एकसष्ट वर्षांचा, सर ही पदवी मिळालेला, ‘नेचर’ नियतकालिकाचा संस्थापक, आणि आपण सूर्यावर ओळखलेले द्रव्य पृथ्वीवरही सापडल्याचे नुकतेच डोळ्यांनी पाहिलेला माणूस होता. ‘मेल्पोमेनी’ या आरमारी बोटीची मदत त्याला मिळाली होती. तिच्यावरचे अधिकारी आणि खलाशी यांना त्याने सराव देऊन निरीक्षणाच्या कामाला लावले होते. कोणी वेळ मोजायची, कोणी सूर्याभोवतालच्या तेजोवलयाचे, म्हणजे कोरोनाचे, चित्र काढायचे, कोणी कॅमेऱ्याच्या काचा बदलायच्या. सगळे मिळून दोनच मिनिटांचे काम, आणि त्यासाठी कित्येक दिवस आधीपासून रंगीत तालीम. सूर्य झाकला जाताना शेवटच्या क्षणी त्याच्या कडेचा अरुंद रंगीत थर लखकन चमकतो. त्या क्षणाचा वर्णपट लोलकाच्या कॅमेऱ्याने टिपायचा होता. त्या थरात हेलियमही असतो. म्हणजे विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला नाही हे खरे असले, तरी ज्याने त्याचा अर्थ लावला तो माणूस इथे त्याला पुन्हा भेटायला आला होता. अशा कॅमेऱ्यांना आणि दुर्बिणींना तसूभरही न हलणारा पाया लागतो. “मगे हे कट्टे कोणी बांधल्यान?” या प्रश्नाचे उत्तर माझ्यासमोर होते.

त्या रात्री मी तो जानेवारी महिना शोधत पहाटेपर्यंत बसले आणि महाराष्ट्राच्या नकाशावर एकेक दिवा लागावा तशी गावे उजळत गेली. सावली विजयदुर्गाहून ईशान्येकडे सोलापूर जिल्ह्यातून, पुढे वऱ्हाड आणि नागपूरच्या बाजूने गेली होती. करमाळ्याजवळच्या जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल तळ ठोकून होता. त्याच जेऊरला पुण्याहून कावसजी दादाभाई नेगमवाला आले होते. पुण्यात आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून 1888 साली वेधशाळा उभी राहिली होती, तिचे ते प्रमुख. तिथली वीस इंची दुर्बीण तेव्हा देशातली सर्वांत मोठी होती. 1912 साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. मी पुण्यात चाळीस वर्षे राहते. त्या आवारावरून हजारदा गेले असेन. नेगमवालांचे नाव माझ्या कुठल्याही वर्गात मी उच्चारले नव्हते.

आणि वऱ्हाडातल्या तळणीला ॲनी माँडर होती. ग्रीनिचच्या वेधशाळेत आकडेमोडीच्या नोकरीवर असताना तिने तिथल्याच माँडरशी लग्न केले आणि विवाहित स्त्रीला नोकरीत ठेवायचे नाही या नियमाने तिला ती सोडावी लागली. तळणीला ती नवऱ्याबरोबर हौशी खगोलप्रेमींच्या तुकडीतून आली होती, स्वतःचा लहानसा कॅमेरा घेऊन. त्या कॅमेऱ्याने कोरोनातून निघालेला एक झोत टिपला. इतका लांब झोत तोवर कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता. वऱ्हाडातल्या एका गावाच्या माळावर, पौष अमावस्येच्या दुपारी, नोकरी गेलेल्या एका बाईच्या कॅमेऱ्यात तो आला. मला हे वाचताना जो आनंद झाला तो मी कोणाला सांगू असे झाले आणि पहाटे चार वाजता सांगण्याजोगे कोणी नव्हते.

तो काळ साधा नव्हता, हेही विसरून चालणार नाही. मुंबई इलाख्यात प्लेग होता. पुण्यात घराघरांत शिरून झालेल्या तपासण्या, त्यातून आलेला संताप आणि रँडचा खून या गोष्टींना वर्षही झाले नव्हते. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांच्या काखा आणि जांघा तपासल्या जात होत्या. त्याच रुळांवरून, त्याच बंदरांतून पेट्याच्या पेट्या भिंगे आणि लोलक भुसा भरून आणले जात होते. साहेब ज्या दिवसांत गावात यायचा तो तपासायला, तोडायला, उचलून न्यायला, त्याच दिवसांत दुसरा एक साहेब विजयदुर्गला आला, किल्ल्यात कट्ट्यांवर यंत्रे मांडून आकाशाकडे पाहत बसला आणि निघून गेला. गावाला त्याच्याबद्दल काय वाटले असेल याचा विचार मी पुष्कळदा करते. पेट्या कोणी वाहिल्या, चढावरून यंत्रे कोणी चढवली, पाणी कोणी भरले? बोटीचे आणि अधिकाऱ्यांचे नाव अहवालाच्या माथ्यावर आहे. गावाने आपल्या बाजूने एवढेच केले की त्या दगडांना एक नाव दिले आणि ते सव्वाशे वर्षे मोडू दिले नाही.

आता मला त्या आजोबांचे बोलणे वेगळे ऐकू येऊ लागले. त्यांनी गोष्ट दोन भाषांत सांगितली होती. तारीख, सन, शास्त्रज्ञाचे नाव आणि हेलियम हे सगळे पुस्तकी मराठीत. आजोबा, कोंबड्या आणि अंधार हे मालवणीत. पहिला भाग बाहेरून आलेला होता, कोणा शिकलेल्या माणसाने, कदाचित माझ्यासारख्याच कोणी शिक्षकाने, दोन ग्रहणांची गल्लत करून त्यांच्या हाती दिलेला. लॉकयर, हेलियम आणि ग्रहण हे तीन शब्द एकत्र आले की 1868 साल आपोआप जोडले जाते, मीही तेच केले असते. दुसरा भाग घरातून आलेला होता. मी चुकीची दुरुस्ती करायला गेले ती पहिल्या भागाची, आणि खोडून टाकला दुसरा.

यात माझ्या लहानपणाचे एक ग्रहण सारखे मध्ये येते. 16 फेब्रुवारी 1980 ची दुपार. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावी खग्रास नव्हते, पण सूर्य बराचसा झाकला जाणार होता. आईने सकाळीच दुधातुपात, पिण्याच्या पाण्यात, लोणच्याच्या बरणीतसुद्धा तुळशीची पाने टाकली होती. दारे-खिडक्या लावून आम्ही पाच भावंडे माजघरात बसलो होतो. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. कौलांच्या फटींतून नेहमी सारवलेल्या जमिनीवर उन्हाचे गोल ठिपके पडत, ते मी रोज पाहत असे. त्या दुपारी ते ठिपके एका बाजूने कुरतडले जाऊ लागले आणि हळूहळू सगळ्या जमिनीवर सूर्याच्या कोरीच कोरी पसरल्या. मी आईला दाखवल्या. तिने पाहिले, पदर डोक्यावर ओढला आणि काही न बोलता माझ्या शेजारी बसून राहिली. ती घाबरली होती की रमली होती हे मला आजही ठरवता येत नाही. पुढे मी भौतिकशास्त्र शिकले, प्रत्येक फट ही लहानसा कॅमेरा असते हे समजले, आणि सुट्टीत घरी येऊन मी तिला तुळशीच्या पानांचा काही उपयोग नसतो हे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. पण त्या कोरींविषयी ती नंतर माझ्याशी कधी बोलली नाही. माझे म्हणणे तेव्हाही बरोबर होते.

मोहोराचे मात्र माझ्या लक्षात आले नव्हते. अहवाल सापडला, नकाशा उजळला, कट्ट्यांचे उत्तर मिळाले, तरी ते एक वाक्य माझ्या कानांत तसेच पडून होते. यंदा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा निघालो, मी आणि भाची. अहवालाची पहिली काही पाने आणि ॲनी माँडरच्या छायाचित्राची प्रत पिशवीत होती. तळेऱ्याहून गाडी विजयदुर्गच्या रस्त्याला लागली, घाट उतरला, आणि पडेलच्या अलीकडे दोन्ही बाजूंना कलमांच्या बागा सुरू झाल्या. भाचीने काच खाली केली. मोहोराचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना तो सांगण्याची गरज नाही. गोड म्हणावा तर त्यात तुरटपणा असतो आणि किंचित कडू म्हणावा तर जीव त्यातच अडकतो. ऊन चढले की तो दाट होतो आणि घशात उतरतो. फांद्यांच्या टोकांना पिवळसर तांबूस तुरे होते, त्यांवर माश्या घोंघावत होत्या, आणि झाडाखाली बारीक फुलांचा सडा पडला होता.

मी चालकाला गाडी बाजूला घ्यायला सांगितले.

“काय झालं, आत्या?” भाची म्हणाली. मी तिला विचारले, “आजोबा काय म्हणाले होते, आठवतंय? त्यांच्या आजोबांच्या वेळी आंब्याला काय आलं होतं?” ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि मग तिने खिडकीबाहेर बोट दाखवले. ऑगस्टमध्ये आंब्याला मोहोर नसतो. 1868 चे ग्रहण या किनाऱ्यावर सकाळी झाले होते, तेव्हा भर दुपारची रात होण्याचाही प्रश्न नव्हता. महिना आणि वेळ, दोन्ही त्या म्हाताऱ्या माणसाने मला सांगून टाकले होते, आणि मी त्यांना श्रावणातल्या पावसाचा युक्तिवाद ऐकवून आले होते. हा काही छापील पुरावा नव्हे, हे मला कळते. नातवाने सांगितलेली आजोबांची आठवण न्यायालयात टिकणार नाही. पण सव्वाशे वर्षे एका घरात जपलेले वाक्य दुसऱ्या खंडातल्या एका अहवालाशी महिन्यानिशी आणि प्रहरानिशी जुळते, तेव्हा अंगावर काटा येतो, आणि तो यावाच असे मला वाटते.

आजोबा किल्ल्यावर नव्हते. गुडघे दुखतात म्हणून हल्ली वर कमी जातात, असे दरवाज्याशी बसलेल्या एका मुलाने सांगितले आणि घर दाखवले. ते खळ्यात ऊन खात बसले होते. त्यांनी मला ओळखले नाही, भाचीला ओळखले. तिला पाहून मग माझ्याकडे पाहिले आणि सावरून बसले. घरातून पाणी आणि गुळाचा खडा आला. मी काय बोलायचे ते गाडीत चार वेळा मनात जुळवले होते, त्यातले काही आठवले नाही. म्हणाले, “आजोबा, मी मागच्या वेळी चुकीचं सांगितलं. साहेब इथे आला होता.”

“तां माका ठावक होतां,” ते शांतपणे म्हणाले.

मग मी त्यांना सगळे सांगितले. दोन ग्रहणे, तीस वर्षांचे अंतर, गुंटूर, लंडन, बोटीचे नाव, दुपारची वेळ. हेलियमचा शोध इथे लागला नाही हेही सांगितले, ते लपवायचे नव्हते. 18 ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिवस साजरा होतो, त्याचे काय, असे त्यांनी विचारले. मी म्हणाले, तो दिवस खोटा नाही, त्या दिवशी ग्रहण झालेच आणि या किनाऱ्यावरूनच सावली आत गेली, पण तुमचा साहेब जानेवारीतला. ते ‘जानेवारी’ हा शब्द स्वतःशीच दोनदा म्हणाले. पिशवीतून काढलेली पाने त्यांनी हातात घेतली, डोळ्यांपासून लांब धरली, ‘विझियाड्रुग’वर मी ठेवलेल्या बोटाकडे पाहिले आणि पाने पुन्हा माझ्या मांडीवर ठेवली. खळ्याच्या कडेला एक जुने रायवळ होते, त्याचा मोहोर वाऱ्याने आमच्या अंगावर पडत होता.

“आजो सारखो मोहोर म्हणायचो,” बऱ्याच वेळाने ते बोलले. “माका वाटायचा, म्हातारो इसारलो आसतलो. पुस्तकात ऑगस्ट आसा, मगे मोहोर खंयचो?” म्हणजे त्यांनीही मनातल्या मनात आपल्या आजोबांना दुरुस्त केले होते, आणि तरी लोकांना सांगताना ते वाक्य कधी गाळले नव्हते. ते मी त्यांना विचारले, की खोटे वाटत होते तर सांगत का राहिलात. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की प्रश्न विचारायचे कारण त्यांना समजले नाही. “आजो सांगायचो,” ते म्हणाले.

निघताना त्यांनी भाचीला जवळ बोलावले आणि विचारले, “दुपार म्हणजे जेवणवेळ काय गो?” ती हो म्हणाली. ते अंगणातल्या खुराड्याकडे वळून पाहू लागले. कोंबड्या बाहेर होत्या, उन्हात माती उकरत होत्या.

“मगे कोंबड्यांचा पण खरा,” ते म्हणाले.